सलोत्री साहेबांच्या कुत्र्याचं खेळणं

सलोत्री साहेबांनी दुकानात आणून ठेवलेला लगाम आमच्या मालकांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, तबेल्यात घुशी झाल्यात तुमच्या."

"घूस नाही, कुत्रा आहे," साहेब म्हणाले. "आणि आमचाच आहे."

मी दुकानाच्या मागच्या अंगाला घोड्याच्या पोटाला आवळायच्या तंगाच्या पट्टीला टाके घालत बसले होते. तिथून मला साहेबांचे फक्त जोडे आणि शेरवानीची खालची बाजू दिसत होती. सलोत्री म्हणजे घोड्यांचा आणि जनावरांचा सरकारी डॉक्टर. तालुक्याच्या गावाला दवाखाना होता आणि दवाखान्याच्या मागं साहेबांचं घर. आमचं जीनगराचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला. पाटलांच्या, सावकारांच्या, पोलीस सवारांच्या घोड्यांची खोगिरं, लगाम, तंग सगळं आमच्याकडंच यायचं. मालक, म्हणजे माझे यजमान, कातडं बेतायचे, कापायचे आणि मी शिवायची. माझा टाका त्यांच्यापेक्षा बारीक होता. गिऱ्हाइकाला मात्र ते आपलाच टाका म्हणून सांगत. मला त्याचं काही वाटत नसे. निदान त्या वयात वाटत नसे.

निजामाचं राज्य होतं आणि लढाई चालू होती. लढाई आमच्यापासून फार लांब, पण चांगलं कातडं फौजेच्या बुटांसाठी जाऊ लागलं होतं, त्यामुळं आमच्यापर्यंत लढाई तेवढीच आली होती. साहेबांच्या घरात ती जास्त आली होती. त्यांचा एकुलता एक मुलगा वर्षापूर्वी लामावर, म्हणजे लढाईवर गेला होता. कुत्रा त्याचा. छावणीतल्या कुणा गोऱ्या अंमलदाराकडून त्यानं पिल्लू असताना आणलेला, आखूड केसांचा, रुंद जबड्याचा, बिलायती जातीचा. मुलगा होता तोवर कुत्रा इतर कुत्र्यांसारखाच होता. तो गेल्यावर त्यानं घर खायला घेतलं.

"तुम्ही चामड्यातली माणसं," साहेब म्हणाले. "त्याला चघळायला असं काही शिवून द्या की जे तुटणार नाही."

मालक बघू म्हणाले. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "म्या खोगिरं शिवतो. कुत्र्याची खेळणी शिवत बसलो तर लोकं काय म्हणतील?" त्यांनी लगाम नीट केला आणि तो विषय तिथंच सोडला.

तोच लगाम महिन्याभरात तिसऱ्यांदा दुकानात आला. साहेब तेव्हा गावोगाव दौऱ्यावर होते, म्हणून नीट केलेला लगाम घरी पोचवायला मालकांनी मला पाठवलं. घरात बीबीसाहेब एकट्या असतात आणि त्या परपुरुषासमोर येत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत होतं.

एरवी मोकळा असणारा कुत्रा तेवढ्यापुरता पडवीत साखळीला बांधलेला होता. माझ्याकडं बघून तो भुंकला नाही. त्याच्यापुढं बाजेचा एक पाय पडला होता आणि तो त्याला दोन्ही पंजांत धरून कणसासारखा सोलत होता.

बीबीसाहेब पन्नाशीच्या असतील. अंगानं वाळलेल्या, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर पांढरा दुपट्टा. त्या हैदराबादकडच्या, त्यांची बोली दखनी. मी आपली मराठीत बोलायची आणि त्या दखनीत, पण अडलं असं कधी झालं नाही. लगाम हातात घेऊन त्यांनी बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "जीनगरनी, अंदर आव. तेरे को कुच दिखाती."

आतल्या खोलीच्या दाराची खालची फळी कुत्र्यानं वीतभर खाल्ली होती. त्या खोलीत कोनाड्यात बुटांचे दोन जोड मांडलेले होते. तपकिरी जोड अख्खा होता. काळ्या जोडातला एक बूट नीट होता आणि दुसऱ्याच्या जागी नुसती टाच. टाच म्हणजे खिळ्यांसकट चार बोटं लाकूड-चामडं.

"इत्ताच बाकी है," त्या म्हणाल्या. मुलाचे कपडे कुत्र्यानं वलणीवरून ओढून फाडले, त्याची चटई, त्याची पट्ट्याची पिशवी, सगळं गेलं. बूट पेटीत ठेवले तर पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून वाऱ्याला ठेवावे लागतात. दर शुक्रवारी त्या स्वतः ते पुसायच्या, आणि पुसायला काढले की कुत्रा दाराशी येऊन दार ओरबाडायचा.

"मारता न्हाय का त्याला?" मी विचारलं.

"कैसा मारना? उसका है ना."

मग त्या म्हणाल्या की साहेबांना लगामाची काळजी आहे, मला ह्या जोडाची आहे. त्याला दुसरं काहीतरी दे, म्हणजे तो ह्याच्याकडं बघायचा नाही.

मी घरी येऊन मालकांना न विचारता पहिला चेंडू केला. जुन्या लुगड्याचे काठ गुंडाळून, वरून मेण लावलेल्या दोऱ्यानं गच्च शिवून. सकाळी दिला. दुपारी गेले तर पडवीभर चिंध्या आणि कुत्रा मधोमध बसून माझ्याकडं बघत होता, आता पुढचं काय म्हणून विचारल्यासारखा. दुसरा चेंडू मी कातड्याच्या तुकड्यांचा शिवला आणि आत लोकर ठासली. तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला.

त्याच सुमारास पुनवेला आम्ही तुळजापूरला दर्शनाला गेलो. देवीच्या दारापासून खाली दुकानं मांडलेली असतात, त्यात लाकडी खेळण्यांचीही असायची. मी एका दुकानापुढं उभी राहून एकेक खेळणं दोन्ही हातांनी वाकवून, दाबून बघायला लागले. दुकानदार म्हातारा होता. तो बघत राहिला आणि म्हणाला, "बाळ केवढं हाय?"

आमच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. मी म्हटलं, "दीड-दोन वर्षांचं."

"दात आल्यात?"

"समदे आल्यात."

"मग हे घ्या," असं म्हणून त्यानं चिंचेच्या लाकडाचा एक भरीव, जड घोडा काढून दिला. "पोरगं मोठं हुईल, पण हे न्हाय तुटायचं. लई खोडकर हाय का?"

"लई," मी म्हटलं.

मालक शेजारीच उभे होते. त्यांनी पैसे मोजून दिले. वाटेत बैलगाडीत ते तो घोडा हातात फिरवून बघत होते. मग म्हणाले, "चिंचेचं लाकूड चिवट असतंय, पण त्याच्या कपच्या निघत्यात. तोंडात गेल्या तर जनावर मरंल." त्या कुत्र्याबद्दल ते आपणहून बोलले ती पहिलीच वेळ. आणि त्यांचं खरं निघालं. कुत्र्यानं कपच्या काढल्या, हिरडीतून रक्त आलं आणि बीबीसाहेबांनी ते लाकूड चुलीत घातलं.

मी दुसरा, कातड्याचा फाटलेला चेंडू घरी आणला होता. तो मालकांच्या हाती लागला. खिडकीच्या उजेडात त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"टाका तुटला?"

"न्हाय," मी म्हटलं. "टाका शाबूत हाय. टाक्याशेजारचं कातडं गेलंय. म्या बसून बघितलं की. तो मधी चावतच न्हाय. जिभेनं शिवण हुडकतो आन् तिथंच दात घालतो."

आपल्या धंद्यात खोट काढली की माणूस जागा होतो. मालकांना ते कुत्र्यानं शिकवावं लागलं. आमच्या खोगिराचंही असंच फाटायचं, भोकांच्या ओळीनं, आणि लोक दोऱ्याला बोल लावायचे.  संध्याकाळी हात धुताना ते म्हणाले, "मग भोकच पाडायचं न्हाय."

कातडं कमावणाऱ्यांच्या वस्तीतून त्यांनी म्हशीच्या मानेचं कच्चं कातडं आणलं. मानेचं सगळ्यांत जाड. ते रात्रभर भिजत घातलं आणि सकाळी रापीनं गोल गोल कापत त्याची एकच लांब वादी काढली, कुठंही न तोडता. ती ओली असतानाच तिच्याच वेढ्यांतून तिला काढत, ओढत, पिळत त्यांनी नारळाएवढी एक गाठ विणली. तिला ना सुरुवात दिसत होती ना शेवट. चार दिवस सावलीत वाळल्यावर ती आवळून शिंगासारखी कडक झाली. मालकांनी ती जमिनीवर आपटून बघितली. मग म्हणाले, "म्या सोता घेऊन येतो."

ते अंगणात उभे राहिले आणि बीबीसाहेब खिडकीच्या पडद्याआड. मी गाठ कुत्र्यापुढं ठेवली. त्यानं ती हुंगली, नाकानं थोडी ढकलली आणि उठून साखळीच्या टोकापर्यंत गेला. तिथून आतल्या खोलीचं दार दिसत होतं. तो दाराकडं तोंड करून बसला. आम्ही वाट बघितली. त्यानं मान वळवली नाही.

परत येताना मालक म्हणाले, "तुटली तर न्हाय."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. बाजारातून जाताना दोघंतिघं भेटले, काय हो, कुत्र्यासाठी काय केलं म्हणून विचारलं, तेव्हाही ते तसेच पुढं गेले.

त्यानंतर काही दिवस मला ते दाराकडं तोंड करून बसलेलं जनावर आठवत राहिलं. त्यानं जे जे खाल्लं ते एकाच माणसाचं होतं. लगामसुद्धा मुलगा ज्या घोड्यावर बसायचा त्याच घोड्याचा होता, मी नंतर विचारलं तेव्हा कळलं. बाजेवर मुलगा झोपायचा. चघळणं हा कुत्र्याचा नाद नव्हता. ज्याला त्या मुलाचा वास आहे ते त्याला तोंडात धरायचं होतं, आणि धरलं की ते फाटायचं.

मी बीबीसाहेबांना ते सांगितलं आणि भीत भीत म्हटलं, "तो काळा बूट एकटाच राहिलाय. त्याचं कातडं मला दिलं तर मी त्या गाठीत घालीन."

त्या बूट पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. मला वाटलं त्या रागावतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वो खाके खतम करता, तू काटके खतम करती. फरक क्या हुआ?"

 मी उठून आले. घरी येताना माझं मलाच वाईट वाटत होतं. जोडीतला एक गेला म्हणून दुसरा निकामी हे आपल्या धंद्याचं बोलणं झालं. आईला तो बूट घालायचा नव्हता.

आठ-दहा दिवस मी तिकडं गेले नाही. मग एका सकाळी साहेब दुकानात आले. त्यांच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी मालकांपुढं न ठेवता मागं वाकून माझ्यापुढं ठेवलं.

"ह्याची टाच परत द्या, असं सांगितलंय," ते म्हणाले. "मुलगा एका बाजूला झिजवायचा. तेवढी ठेवायची आहे."

रुमालात काळा बूट होता. मालकांनी तो मांडीवर घेतला आणि एकेक टाका आरीनं उचलून उसवला. कापायला त्यांना एरवी कधी एवढा वेळ लागला नाही. टाच वेगळी करून त्यांनी ती तेल लावून पुसली. वरचं कातडं सोलून त्याच्या वाद्या काढल्या. गाठ पुन्हा भिजवून सैल केली, तिच्या पोटात बुटाची जीभ गुंडाळून बसवली आणि एक वादी म्हशीच्या वादीबरोबर सगळीकडून फिरवली. विणताना एक टोक मी धरलं होतं, एक त्यांनी. एवढ्या वर्षांत एकाच कामाला आम्ही दोघांनी एकाच वेळी हात लावला तो पहिल्यांदा.

ह्या वेळी कुत्र्यानं गाठ हुंगली आणि त्याचे कान मागं गेले. त्यानं ती उचलली नाही. तिच्यावर हनुवटी ठेवून तो पडून राहिला. बराच वेळ तसाच. मग त्यानं तोंडात धरली आणि हळूहळू चघळायला लागला, इतक्या हळू की दात लागतात का नाही असं वाटावं. खिडकीच्या पडद्याआड बीबीसाहेबांनी चष्मा काढला. मी नजर वळवली.

ती गाठ कधीच तुटली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. वरच्या वाद्या चार-सहा महिन्यांत झिजायच्या. मग मालक ती घरी आणून वरचं वेटोळं बदलून द्यायचे, आतलं तसंच ठेवून. पण त्यानं दार खाणं सोडलं, लगाम सोडला. तपकिरी जोड कोनाड्यात राहिला.

मग कुत्रा ती गाठ तोंडात धरून बीबीसाहेबांच्या पायाशी आणायला लागला. त्याला दुसऱ्या बाजूनं कुणीतरी ओढायला हवं होतं. बीबीसाहेब कुत्र्याला शिवायच्या नाहीत. नमाजाला मग पुन्हा हातपाय, कपडे सगळं धुवावं लागतं. पहिल्यांदा त्यांनी काठीनं गाठ ढकलून दिली. पुढं एका जुन्या दुपट्ट्याचं टोक गाठीतून ओवून बांधलं आणि लांबून ते टोक धरून ओढायच्या. एकदा दुपारी मी गेले तर त्या पडवीत बसल्या होत्या, दुपट्टा सुटून पडला होता आणि त्या दोन्ही हातांनी गाठच ओढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "धो लेती हूँ बाद में. पानी की कमी है क्या?" खरं तर उन्हाळा होता आणि आडाला पाणी कमी होतं.

माझ्या दुपारी आता तिकडंच जायच्या. त्या मला हैदराबादी कशिदा दाखवायच्या. मुलाची पत्रं यायची ती साहेब उर्दूत वाचायचे आणि बीबीसाहेब मला आपल्या बोलीत सांगायच्या. पत्रात कुत्र्याची चौकशी असायची. बुटाचं त्यांनी त्याला कधी कळवलं नाही.

लढाई संपल्यावर काही महिन्यांनी मुलगा आला. मी दुसऱ्या दिवशी गेले. उंच, काळवंडलेला, बापासारखा वाकून चालणारा. कुत्रा त्याच्यावर आधी भुंकला म्हणे, भिंतीला चिकटून. अर्धा दिवस जवळ आला नाही. मग संध्याकाळी जाऊन त्याच्या पायांत शिरला तो उठेचना. बीबीसाहेब हे सांगताना हसत होत्या.

त्यांनी कोनाड्यातला तपकिरी जोड काढून त्याच्यापुढं ठेवला. लकाकत होता. त्यानं पाय घालून बघितला. जाईना. चालून चालून त्याचे पाय पसरले होते.

"अम्मी, हे कशाला जपलंत?" तो म्हणाला. माझ्यासमोर तो मराठीत बोलायचा. "खाऊ द्यायचे होते त्याला." आणि अंगणात घोड्याची निगा राखणारा सईस उभा होता, त्याला हाक मारून त्यानं तो जोड देऊन टाकला. चांगल्या मनानंच दिला. सईस खूश झाला.

बीबीसाहेब उठल्या. त्या आत गेल्या आणि चहाचं बघायला लागल्या. मी त्यांच्या मागं गेले. त्या चुलीपाशी बसून फुंकणीनं जाळ करत होत्या, जाळ होता तरी. मुलगा घरी आला होता, ह्याहून जास्त काय मागायचं हे त्यांनाही कळत होतं. पण चार वर्षं दर शुक्रवारी ज्याला हात लावला ते एका वाक्यात गेलं. हे दुःख म्हणायचं का, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी त्याला नाव दिलं नाही, मीही देत नाही.

मुलाला हैदराबादला नोकरी लागली. तो गेला, कुत्रा इथंच राहिला. पुढचं एक-दीड वर्ष वाईट गेलं. गावात हिंदू आणि मुसलमान एकमेकांशी कमी बोलायला लागले. मालक म्हणाले, थोडे दिवस तिकडं जाऊ नको. बीबीसाहेबांनाही साहेबांनी तसंच काहीतरी सांगितलं असावं. मी गेले नाही. सहा महिने आम्ही एका गावात राहून एकमेकींचं तोंड बघितलं नाही. निजामाचं राज्य गेलं, साहेबांनी पेन्शन घेतली, आणि ते बिदरकडं नातेवाइकांत राहायला जाणार असं कळलं. तेव्हा मी मालकांना विचारलं नाही, उठले आणि गेले.

घरात सामान बांधलेलं होतं. बीबीसाहेब जात्यावरून उठल्यासारख्या पांढऱ्या दिसत होत्या. "अब आई?" म्हणाल्या. मी म्हटलं, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, "मैं बी कहाँ आई?"

बिछान्याच्या वळकटीचा पट्टा तुटला होता. मी तिथंच बसून शिवून दिला. गाडीत साहेब पुढं बसले, मागं बुरख्यात बीबीसाहेब, आणि सामानाच्या मधल्या जागेत कुत्रा. त्याचं तोंड पांढरं होऊ लागलं होतं. गाडी नळदुर्गाच्या वाटेला लागली.

महिन्या-दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं, उर्दूत. शाळेच्या जुन्या मास्तरांनी वाचून दाखवलं. पोचलो, सगळे ठीक, घरमालकाची वाकळ कुत्र्यानं खाल्ली म्हणून बोलणी बसली, तुम्ही कशा आहात. खाली पत्ता. मी मास्तरांना म्हटलं, उत्तर लिहा. मी सांगत गेले आणि ते लिहीत गेले. मग त्यांनी वाचून दाखवलं, तर त्यात सगळं होतं, पण माझं एकही वाक्य नव्हतं. "आम्ही सर्व खुशाल असून आपल्या खुशालीची इच्छा करतो," असं होतं. मी तेच पाठवलं.

घोडी कमी झाली. मालक पुढं मोटारींच्या सीटा शिवायला लागले, आणि गावात बाया-माणसांना अक्षर शिकवायचा वर्ग निघाला तेव्हा मी त्यात जाऊन बसले. पस्तिशी उलटली होती. हात आरी धरायला शिकलेला, पेन्सिल दाबून मोडायची. वर्षभरानं जमायला लागल्यावर मी पहिलं पत्र बीबीसाहेबांना लिहिलं, त्याच पत्त्यावर, मराठीतच. त्यांना कुणीतरी वाचून दाखवील असं धरून. त्या सहा महिन्यांबद्दल लिहिलं, जे तोंडानं नीट सांगितलं नव्हतं. दोन पानं झाली.

पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही.